आपण करू

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत मी पवित्र शास्त्रातलं एक वचन हत्यारासारखं उपसलं होतं. समोर माझी रूममेट होती. मुसलमान घरातली, माझ्यापेक्षा कितीतरी शांत. तिने अगदी मनापासून विचारलं होतं, "देव एकच आहे असं तुम्हीही म्हणता ना? मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे?" संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे तयारच होतं. मी बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला आणि सव्विसाव्या वचनावर बोट ठेवलं. 'आपल्या प्रतिरूपाचा... मनुष्य आपण करू.' "बघ," मी म्हटलं, "एकटा असता तर 'मी करतो' म्हणाला असता. 'आपण' म्हणतोय. म्हणजे तिथे तिघं आहेत."

तिने वचन दोनदा वाचलं. मग म्हणाली, "कुरआनात अल्लाह कितीतरी ठिकाणी स्वतःला 'आम्ही' म्हणतो. पण म्हणून तो अनेक आहे असं आमच्यात कुणीच मानत नाही."

"ते वेगळं," मी म्हटलं आणि पुस्तक मिटलं. कसं वेगळं, ते मला ठाऊक नव्हतं. ती पुढे काही बोलली नाही, आणि मी जिंकले असं मी ठरवून टाकलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जे वचन मी देवाचा शब्द म्हणून मानते, ते मी एका मैत्रिणीला गप्प करण्यासाठी वापरलं होतं, आणि तेही मला नीट न समजलेलं.

त्यानंतर वीसेक वर्षं हे एक वचन माझ्या पाठीशी लागलेलं आहे.

सुरुवात व्याकरणापासून केली, कारण माझा सगळा डोलारा व्याकरणावरच उभा होता. हिब्रूत देवासाठी जो शब्द पहिल्या वचनापासून येतो तो 'एलोहीम'. शेवटचा 'ईम' हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय. सृष्टीच्या या कथेत, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या आरंभापासून सातव्या दिवसाच्या विसाव्यापर्यंत, तो शब्द पस्तीस वेळा येतो. रूप अनेकवचनी, पण त्याच्याबरोबरचं 'निर्माण केले' हे क्रियापद एकवचनी. मला आधी वाटलं, सापडलं! एकात अनेक! पण पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हाच शब्द जुन्या करारात मवाबी व अम्मोनी लोकांच्या, पलिष्ट्यांच्या, सीदोनी लोकांच्या एकेका दैवतासाठीही वापरलेला आहे. पलिष्ट्यांचा दागोनही 'एलोहीम'. दागोनमध्ये त्रैक्य, म्हणजे एकाच देवात तिघं, आहे असं काही कुणी म्हणणार नाही. थोरवी, भारदस्तपणा दाखवायला हिब्रू नामाला अनेकवचन लावते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. 'वडील आले' म्हणताना आपण वडिलांची संख्या सांगत नसतो.

म्हणजे 'एलोहीम' हा आधार निसटला. उरलं ते सव्विसावं वचन, आणि ते खरंच वेगळं आहे. तिथे नाम नाही, क्रियापदच अनेकवचनी होतं: 'नआसे', करू या. त्याआधी सगळीकडे 'होवो' आहे. प्रकाश होवो, अंतराळ होवो, पृथ्वी वनस्पती उपजवो. लांबून दिलेली आज्ञा, आणि तसं होतं. माणसाशी आल्यावर मात्र आज्ञा थांबते. देव पहिल्यांदाच काम हाती घेण्याआधी बोलतो, आणि बोलतो ते कुणालातरी सोबत घेतल्यासारखं. हा थबकण्याचा क्षण मला अजूनही प्रत्येक वाचनात जाणवतो. व्याकरणाचा कुठलाही खुलासा तो पुसू शकलेला नाही.

राजे स्वतःला 'आम्ही' म्हणवतात तसं हे असेल, हा खुलासा पुष्कळांना पटतो. एज्राच्या पुस्तकात पारसाचा राजा अर्तहशश्त 'तुम्ही आम्हांला पाठवलेलं पत्र' असं लिहितो, ते उदाहरण दाखवतात. पण ते अरामी भाषेतलं आणि फार नंतरचं. इस्राएलचे राजे, दावीद असो की शलमोन, जुन्या करारात 'मी'च म्हणतात. त्यामुळे हा खुलासा मला तोकडाच वाटतो.

मग मी यहुदी भाष्यकारांकडे गेले. जरा घाबरतच गेले, कारण ते लोक या वचनाला बगल देतात असं मी लहानपणापासून ऐकलेलं. तसं मुळीच नव्हतं. त्यांनी हे वचन आमच्याइतकंच, कदाचित आमच्याहून जास्त, अंगाला लावून घेतलं होतं. 'बेरेशीत रब्बा' या उत्पत्तीवरच्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, भाष्यांच्या जुन्या संग्रहात एक गोष्ट आहे. मोशे नियमशास्त्र लिहीत होता. एकेका दिवसाचं काम लिहीत तो या वचनापाशी आला आणि थांबला. म्हणाला, प्रभो, पाखंड्यांना असं निमित्त का देतोस? देव म्हणाला, लिही. ज्याला चुकायचं असेल त्याने चुकावं. आणि पुढे देवाने कारणही सांगितलं: या माणसाच्या वंशात थोर जन्मतील आणि लहानही जन्मतील. थोराला लहानाची परवानगी मागायची लाज वाटली तर त्याला सांगतील, तुझ्या निर्माणकर्त्याकडून शीक. त्याने वरचं-खालचं सगळं निर्माण केलं, तरी माणूस करताना देवदूतांचा सल्ला घेतला.

अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी यानेही हेच धरलं. देवाला दूतांच्या मदतीची गरज नव्हती. तरीही त्याने विचारलं, कारण मोठ्याने लहानाला विचारण्याची रीत शिकवायची होती. त्यासाठी लोकांच्या गैरसमजाचा धोकाही त्याने पत्करला. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्या वचनावर बोट ठेवून मी मैत्रिणीला खाली पाहायला लावलं, त्याच वचनात या लोकांना नम्रता दिसली होती.

त्याच संग्रहातली आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. माणूस करायचा का, यावर दूतांत दोन तट पडले. प्रीती म्हणाली करावा, तो दया करील. सत्य म्हणालं करू नये, तो सगळा खोटेपणाच आहे. नीतिमत्त्व म्हणालं करावा, शांती म्हणाली नको, तो भांडणच आहे. देवाने सत्याला उचलून पृथ्वीवर टाकलं. आणि दूत वाद घालत असतानाच माणूस करून टाकला. म्हणाला, कसला वाद घालता? माणूस झालासुद्धा.

तर ख्रिस्ती लोकांनी यात पुत्र पाहिला तो केव्हापासून? फार लवकर. बर्णबाच्या नावाने ओळखलं जाणारं पत्र पहिल्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या पूर्वार्धापर्यंतच्या काळातलं. त्यातच म्हटलंय की पित्याने हे पुत्राला उद्देशून म्हटलं. १६०च्या सुमाराला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात तो समोरच्याचे खुलासे प्रामाणिकपणे नोंदवतो. कुणी म्हणतं, देव स्वतःशीच बोलला, जसं आपणही काही करायला निघालो की मनाशी 'चला, करू या' म्हणतो. कुणी म्हणतं, पृथ्वीशी आणि मूलतत्त्वांशी बोलला. जस्टिनला ते पटत नाही. तो तिसऱ्या अध्यायातल्या 'आपल्यातल्या एकासारखा' या शब्दांकडे नेतो आणि म्हणतो, 'एक' आणि 'आपल्यातला' म्हटलं की किमान दोघं आलेच.

यानंतर थोड्याच वर्षांनी अंत्युखियाचा बिशप थिओफिलस लिहितो की देव आपल्या शब्दाशी आणि आपल्या ज्ञानाशी बोलला. देवाबद्दल बोलताना 'त्रय' या अर्थाचा ग्रीक शब्द वापरणारा उपलब्ध लिखाणातला पहिला ख्रिस्ती लेखक हाच. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो लियोंचा बिशप इरेनियस. त्याने सल्लामसलतीचं चित्रच बाजूला ठेवलं. पुत्र आणि आत्मा हे पित्याचे दोन हात आहेत, असं तो म्हणतो. मातीचा माणूस करायला देवाला दूतांची गरज नव्हती, कारण त्याचे स्वतःचे हात होते. दुसऱ्या अध्यायात देव माती मळतो ना, तिथलं ओलं चित्र त्याने पहिल्या अध्यायातल्या 'आपण'मध्ये आणून ठेवलं. कुंभाराचे दोन्ही हात चाकावरच्या मातीला एकदमच लागतात. एक आतून, एक बाहेरून. काम दोन हातांचं, पण घडवणारा एकच.

व्हॅटिकनच्या संग्रहालयात चौथ्या शतकातली एक संगमरवरी शवपेटी आहे. तिच्यावर हव्वेची निर्मिती कोरलेली आहे. आदाम निजलेला, हव्वा छोटीशी, आणि भोवती तीन दाढीवाले पुरुष. एक आसनावर बसलेला, एक त्या आसनामागे, एकाचा हात हव्वेच्या डोक्यावर. मी तिचा फक्त फोटो पाहिला आहे. त्रैक्याचं सर्वांत जुन्यांपैकी एक समजलं जाणारं हे चित्र चुकीचं आहे असं मन म्हणतं, कारण देवाला तीन दाढ्या चिकटवणं हेच मुळी विचित्र. पण कोरणाऱ्याने हे वचन ऐकलं होतं आणि त्याला ते दगडात आणायचं होतं. कसं आणणार बिचारा?

याच शतकात गोष्ट बिघडलीही. ३५१ साली रोमन साम्राज्यातल्या सिर्मियम शहरात बिशपांची परिषद भरली आणि तिने शापवचनांची एक यादीच काढली. त्यात एक असं: 'आपण मनुष्य करू' हे पिता पुत्राशी नव्हे तर स्वतःशीच बोलला, असं जो म्हणेल तो शापित असो. वाक्य कुणाला उद्देशून आहे, या प्रश्नावर शाप! आणि त्याच यादीत पुढे हेच बिशप म्हणतात की आम्ही पुत्राला पित्याच्या बरोबरीने बसवत नाही, पुत्र पित्याच्या अधीन आहे. म्हणजे ज्या वचनावरून मी तिघांची बरोबरी सिद्ध करत होते, तेच वचन हातात घेऊन दुसऱ्यांनी पुत्राला एक पायरी खाली बसवलं होतं. 'आपण' या शब्दातून तिथे आणखी कुणी आहे एवढंच काढता येतं. तो बरोबरीचा की हाताखालचा, हे तो शब्द सांगतच नाही. मैत्रिणीने कुरआनाचं नाव काढण्याची गरजच नव्हती. आमच्याच इतिहासात माझा पुरावा केव्हाच मोडून पडला होता.

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन मात्र या वचनाला धरून एक फार नाजूक गोष्ट करतो. तो सव्विसाव्या वचनाच्या शेजारी सत्ताविसावं ठेवतो. सव्विसाव्यात 'करू', 'आमचं प्रतिरूप' असं अनेकवचन आहे. सत्ताविसाव्यात 'देवाने केला', 'त्याचं प्रतिरूप' असं एकवचन. अनेकवचन आहे म्हणून माणूस एकट्या पुत्राच्या प्रतिरूपाचा नाही, आणि एकवचन आहे म्हणून देव तीन नाहीत. दोन्ही वचनं एकमेकांना सांभाळतात. ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथातले रब्बीही हेच म्हणतात, पण उलट्या बाजूने: पाखंडी जिथे जिथे चुकले, त्याचं उत्तर शेजारीच लिहिलेलं आहे. दोघांनी बोट ठेवलं ते त्याच सत्ताविसाव्या वचनावर. मला हे वाचून जो आनंद झाला तो कसा सांगू? दोन घरं शतकानुशतकं भांडत आली आणि दोघांच्याही घरात दिवा त्याच एका कोनाड्यात ठेवलेला.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याच्याबद्दल मात्र मला आश्चर्य वाटलं. असा कडक माणूस, वाटलं होतं की 'एलोहीम' पाहताच तो त्रैक्याची घोषणा करील. त्याने उलट केलं. १५५४च्या आपल्या भाष्यात पहिल्या वचनापाशी तो वाचकाला सावध करतो: या अनेकवचनी नामावरून तीन व्यक्ती काढणं फार कच्चं आहे, अशा ओढून आणलेल्या अर्थांपासून जपा. पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या एरियसला उत्तर देण्याच्या नादात लोक, पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच व्यक्तीची रूपं मानणाऱ्या साबेलियसच्या चुकीत पडतात, हेही तो दाखवतो, कारण 'एलोहीम' म्हणजेच तिघं असतील तर पुढच्याच वचनातल्या 'एलोहीमचा आत्मा' या शब्दांचं काय करायचं? पण तोच कॅल्विन सव्विसाव्या वचनाशी येतो तेव्हा म्हणतो, इथे ख्रिस्ती लोकांचं म्हणणं योग्य आहे. देवाने बाहेरचा सल्लागार बोलावला नाही, जे आहे ते त्याच्या स्वतःच्याच आत आहे. एक आधार स्वतःहून सोडून देणं आणि दुसरा जपून हातात धरणं, एवढा प्रामाणिकपणा मी हॉस्टेलच्या खोलीत दाखवला नव्हता.

आता बरेच ख्रिस्ती अभ्यासकही हे वचन स्वर्गीय सभेला उद्देशून आहे असं मानतात. १९२९ साली सिरियाच्या किनाऱ्यावर युगारीत या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्या निघू लागल्या. त्यांत देवांच्या सभेची वर्णनं सापडली, आणि जुन्या करारातल्या तशाच जागा उजळल्या: मीखाया संदेष्ट्याला दिसलेलं सिंहासन आणि भोवतीचं सैन्य, ईयोबाच्या आरंभी जमलेले देवपुत्र. यशयाला मंदिरात ऐकू आलेली हाकही तशीच, 'मी' आणि 'आम्ही' एकाच श्वासात: मी कोणाला पाठवू, आणि आमच्याकरता कोण जाईल? मूळ लेखकाच्या मनात ही सभाच असेल, हे मला आता मान्य आहे. मान्य करताना त्रास झाला, पण झाला तो चांगल्यासाठी. माणूस दूतांच्या प्रतिरूपाचा कसा, ही अडचण राहतेच. तरी बोलावलं सगळ्यांना आणि घडवलं एकट्याने, असं सत्ताविसावं वचन सांगतं.

मग माझ्या विश्वासाचं काय? त्रैक्य मला या वचनाने दिलेलं नाही. ते मला यार्देनच्या पाण्यातून वर येणाऱ्या येशूपाशी मिळालं, वर उघडलेल्या आकाशापाशी, कबुतरापाशी, 'हा माझा पुत्र' या शब्दांपाशी. योहानाने आपलं शुभवर्तमान 'प्रारंभी शब्द होता' असं उत्पत्तीच्याच सुरात उघडलं, त्यापाशी. तिथून मागे वळून मी उत्पत्ती वाचते तेव्हा पाण्यावर तळपणारा आत्मा, बोलला जाणारा शब्द आणि ते 'आपण' मला एकाच घरातले आवाज वाटतात. घरातल्या माणसाला कळणारे. जो त्या घरात नाही त्याच्यावर ते आवाज पुरावा म्हणून फेकता येत नाहीत.

विसाव्या शतकातला ईश्वरविज्ञानी बार्थ याने, आणि त्याच्या आधी १९३३च्या सुमारास तरुण जर्मन ईश्वरविज्ञानी बॉनहॉफरने, 'प्रतिरूप' हा शब्दच नात्याकडे वळवला. माणूस देवासारखा आहे तो बुद्धीमुळे नव्हे, तर तो एकमेकांसमोर उभा राहतो म्हणून, असं ते म्हणतात. सत्ताविसाव्या वचनात हिब्रू अगदी तसंच हलतं. आधी 'त्याला' निर्माण केलं, मग लगेच 'त्यांना', नर आणि नारी. देवाच्या बाबतीत अनेकवचनाकडून एकवचनाकडे आणि माणसाच्या बाबतीत एकवचनाकडून अनेकवचनाकडे. दोन वचनांत ही ये-जा.

मराठीबद्दल लिहायचं राहिलंच, आणि खरं तर मला तेच लिहायचं होतं. हिब्रूला, ग्रीकला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक ठाऊक नाही. आपल्याला आहे. 'आम्ही जाऊ' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जाऊ' म्हटलं की तो आत आला. म्हणजे मराठीत हे वचन आणणाऱ्याला मूळ भाषेने न विचारलेला प्रश्न सोडवावाच लागतो. मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्या त्रैक्याच्या शिकवणीवर आपल्याला शिकवणाऱ्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून निर्भीडपणे झगडल्या, पटल्याशिवाय मान डोलावली नाही, आणि पुढे हिब्रू-ग्रीक शिकून सबंध शास्त्र मराठीत आणण्याचं काम १९२२ साली मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत केलं. असं झगडलेली बाई या वचनाशी पोचली असेल तेव्हा टाक किती वेळ थांबला असेल!

आणि आपलं 'आपण' केवढं आहे! सोबतच्याला आत घेणारं 'आपण'. समोरच्याला मान देणारं 'आपण'. आणि एकट्याने मनाशी बोलतानाचंही 'आपण': 'जाऊ दे, आपण आपलं काम करावं.' पुत्राशी बोलणं, दूतांना मान देऊन विचारणं, स्वतःशी ठरवणं, ज्या तीन वाटांवर लोक शतकानुशतकं वेगळे झाले त्या तिन्ही या एका शब्दात शेजारी राहतात.

गेल्या वर्षी मी त्या मैत्रिणीला फोन केला. माफी मागायची होती. तिला तो वाद आठवतच नव्हता. मी सगळं सांगितलं, तुझं 'आम्ही' आणि माझं 'आपण' कसं वेगळं निघालं तेही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाच की ते पुन्हा. तेव्हा तू पुस्तक मिटलं होतंस ना?"

मी वाचलं. आपल्या प्रतिरूपाचा, आपल्याशी सदृश असा मनुष्य आपण करू.

"आता पुढचं."

देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला.

तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "अगं, दोन्हीकडे 'आपल्या'च आहे."

मी पान पाहिलं. हिब्रूत पहिलं 'आमच्या' आणि दुसरं 'त्याच्या'. ऑगस्टीनने ज्याच्यावर बोट ठेवलं, रब्बींनी ज्याच्यावर ठेवलं, तो सांधा. मराठीत तिथे एकच शब्द होता, आणि इतक्या वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

"परत वाच," ती म्हणाली.